दगडावरची अक्षरं



घोडबंदरची खाडी तुम्ही रोज पाहता. ही खाडी पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळते. तिथं, पलीकडच्या काठावर, वसईचा किल्ला आहे. त्या किल्ल्यातल्या एका चर्चची गोष्ट आज सांगतो. वसईकडची पुष्कळ ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. ती आपल्यासारखीच मराठी बोलतात.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. हे लोक समुद्रापलीकडून आलेले. त्यांनी किल्ला वाढवला. १५४६ साली आत संत जोसेफ यांचं चर्च बांधलं. पुढं ते मोठं केलं. कधी केलं? ते दारावरच्या दगडात कोरलं आहे : १६०१.

पाहा, ज्यांनी ते बांधलं ते गेले. त्यांची नातवंडं गेली. पण चार आकडे राहिले!

चर्चच्या भिंती दगडाच्या आणि चुन्याच्या. चांगल्या जाड. पुढं उंच मनोरा. मनोऱ्यात चढायला दगडी गोल जिना. आत लोकांना बसायला लांबलचक जागा, आणि टोकाला वेदी. वरचं छप्पर मात्र आता नाही. आत उभं राहून मान वर केली, की आभाळ दिसतं.

असं का झालं? पोर्तुगिजांच्या राज्यात लोकांवर जुलूम झाला. देवळं पाडली गेली. शेवटी चिमाजी अप्पांनी मराठी फौज आणून वेढा घातला. दोन्हीकडची खूप माणसं पडली. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज निघून गेले. मग छपराची काळजी कोण घेणार? ते पडलं. दगडचुना तेवढा टिकला.

आणि चर्चच्या घंटा? त्या मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवाला वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे. तिथल्या घंटेवर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे, क्रूससुद्धा आहे. एकेकाळी चर्चमध्ये वाजलेली घंटा आज महादेवापुढं आहे. यात्रेकरू ती पाहतात, हात जोडतात आणि पुढं जातात. वर लिहिलेलं किती जण वाचतात?

गेल्या आठवड्यात वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, या वयात वाचायला शिकून काय करू?”

आजी, हे करा. नातवाला घेऊन वसईला जा. आकडे इंग्रजी आहेत, पण ते तर आपण शिकलोच. बोट ठेवून वाचा : एक, सहा, शून्य, एक. नातवाला सांगा, एवढ्या वर्षांपूर्वीचं हे काम.

एक गोष्ट मात्र करू नका. काही माणसं खिळ्यानं जुन्या भिंतीवर आपलं नाव खरवडतात. त्यानं चुना निघतो. मग पाणी मुरतं आणि दगड सुटतो. मंडळी, आपल्याला आता नाव लिहिता येतं. ते वहीत लिहावं. दगडावरचं फक्त वाचावं, आणि पुढच्यासाठी जसंच्या तसं ठेवावं.