माणूस जिवंत, सातबाऱ्यावर मयत
(जामनेर तालुका बैठकीतलं भाषण)



दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरली माणसं ऊसतोडीला जातात, कुणी गुजरातला जातं. त्यातलं एखादं परत येत नाही. काही वर्षं गेली की भाऊबंद तलाठ्याकडं जाऊन 'तो मेला, वारस लावा' म्हणतात. आणि एक दिवस तो माणूस एस.टी.तून उतरतो. मग जमीन कुणाची?

कायदा असा आहे. जवळच्या माणसांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. जुन्या पुरावा कायद्यात हे 108 कलम होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात 111 आहे. पण हे कोर्टानं ठरवायचं, तलाठ्यानं नाही. आणि माणूस समोर उभा राहिला की ते गृहीत संपलं. जिवंत माणसाला वारस नसतो. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिच्यानं मालकी जात नाही.

तरी कागद माणसाला छळतो. उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना 1975 साली कागदावर मयत केलं, जमीन नातलगांनी लावून घेतली. कागदावर परत जिवंत व्हायला 1994 उजाडलं. त्यांनी नावापुढं 'मृतक' लावलं आणि असल्या लोकांचा मृतक संघ काढला.

उलटंही घडतं. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं तोतया उभा राहिला, 1776 साली त्याला मारलं. म्हणून परत आलेल्यानं 'मी तोच' हे दाखवावं लागतं. तिथं गावाची साक्ष कामाची.

तेव्हा हे ध्यानात ठेवा :

1. माणूस हरवला की पोलिसात तक्रार द्या, पोच जपून ठेवा.

2. शेत कसा, पडीक ठेवू नका. पण त्याचं नाव कमी करू नका.

3. खोटी वारसनोंद होत असेल तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत घ्या. नोंद मंजूर झाली तर 60 दिवसांत प्रांताकडं अपील करा.

4. परत आलेल्यानं गप्प बसू नये. दुसऱ्याचा कब्जा 12 वर्षं उघड चालला तर हक्कच बुडू शकतो.

5. जमीन बिगरआदिवासीला विकली असेल तर कलेक्टरची परवानगी दाखवा म्हणा. महसूल संहितेचं 36-अ कलम आपलंच आहे.

6. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही. 2006 च्या कायद्यानं तो नवराबायको दोघांच्या नावे असतो. नवरा हरवला म्हणून बाईला शेतातून काढणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. आदिवासीला तालुका विधी सेवा समितीतून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

भाऊबंद सगळे लबाड नसतात. पोटासाठी, कर्जासाठी कागद लागतो, हे आम्हालाही कळतं. पण जित्या भावाला मेला लिहून मिळालेली जमीन उद्या दोन घरांत कुऱ्हाड घालील.

पुढच्या बैठकीला दर पाड्यानं बाहेर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांची यादी आणावी, सोबत सातबारा. नावं आपण तपासू.

जिंदाबाद!