मावलीचा हात

गेल्या भागानंतर तुमच्यापैकी काही जणींनी विचारलं, की कुठे ना कुठे चर्चमधली मूर्ती फोडली, रस्त्याकडेचा क्रूस मोडला, असं सारखं कानावर येतं, तर त्यावर तुम्ही काही बोलणार की नाही? आमच्या गटात ख्रिस्ती बाया आहेत, हिंदू आहेत, दोघी मुसलमान आहेत. आम्ही चार संध्याकाळी बसलो, वाद घातला आणि मग आजचं बोलणं ठरवलं.

सुरुवात वांद्र्यापासून करू या. माउंट मेरीला आपल्याकडे मोत मावली म्हणतात. सप्टेंबरात आठ तारखेच्या सणानंतर जत्रा भरते. हात दुखत असेल तर मेणाचा हात, पाय अधू असेल तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर मेणाचं घर वाहायचं. तिथे जाणाऱ्या सगळ्याच बाया काही ख्रिस्ती नसतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण ज्या मावलीला आपण मेणाचे हात वाहतो, तिचा स्वतःचाच उजवा हात एकदा तोडला गेला होता, हे किती जणींना ठाऊक आहे?

गोष्ट साधारण १७०० सालची. समुद्रावरून अरब लुटारू आले. मूर्तीच्या हातात सोनेरी मुलामा दिलेली वस्तू होती, ती सोन्याची वाटून त्यांनी हातच कापून नेला. पुढे १७३८-३९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांचं युद्ध पेटलं आणि जुनं चॅपल उद्ध्वस्त झालं. म्हणजे एकदा सोन्याच्या लोभानं आणि एकदा लढाईत. नंतर १७६० च्या सुमारास देऊळ पुन्हा उभं राहिलं. मधल्या काळात दुसरी मूर्ती आणून ठेवली होती. ती कोळ्यांना समुद्रात तरंगताना सापडली, एका कोळ्याला आधी स्वप्न पडलं होतं, असं सांगतात. पुढे मूळ मूर्ती दुरुस्त झाली. तुटलेल्या हाताची उणीव झाकायला तिथे बाळ येशू बसवला. मोडलेला हात लपवायला लेकरू दिलं! आमच्यातली एक म्हणाली, हे ज्याला सुचलं त्याला बायकांची जात कळत होती. आज आपण पाहतो ती दगडी इमारत १९०४ ची, आणि तिचा आराखडा शापूरजी चांदाभॉय या पारशी गृहस्थांनी केलेला.

मराठ्यांचं नाव निघालं म्हणून तेही बोलून टाकू. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. आपण तिथे जातो, फोटो काढतो, नीट पाहिलं तर मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ दिसतं. आणि त्याआधी दोनेकशे वर्षांपूर्वी गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, तेव्हा मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. आमच्या बैठकीत इथे आवाज चढले. “त्यांनी आधी केलं” म्हणून एक बोलली, दुसरी म्हणाली, “मग काय, तीनशे वर्षांचा हिशेब आजच्या मेरीच्या मूर्तीकडून वसूल करायचा?” त्यावर पहिलीला उत्तर सुचलं नाही, आणि आम्हालाही सुचत नाही.

आता दूरची एक गोष्ट. रोमला सेंट पीटर्समध्ये मायकेलअँजेलोनं घडवलेली संगमरवरी मूर्ती आहे. मेलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली आई, पिएता. २१ मे १९७२, पेंटेकॉस्टचा सण. गर्दीतून एक माणूस उडी मारून पुढे आला आणि हातोडीनं मूर्तीवर घाव घालत सुटला. आईचा डावा हात कोपरापाशी तुटला, नाक गेलं, पापणी गेली. तो ओरडत होता, “मीच येशू ख्रिस्त आहे.” माणूस मनानं आजारी होता. त्याच्यावर फौजदारी खटला चालवला नाही, मनोरुग्णालयात ठेवला आणि मग त्याच्या देशी परत पाठवला. इकडे शंभराच्या आसपास तुकडे गोळा केले. काही तुकडे गर्दीतल्या लोकांनी खिशात घातले होते! हातोडी मारणारा वेडा होता, पण खिशात घालणारे तर शहाणेच होते ना? मग जाणकारांत वाद झाला, की जखम तशीच ठेवावी की पुसून टाकावी. शेवटी जुन्या साच्याच्या आधारानं मूर्ती पूर्वीसारखी केली, दहाएक महिने लागले. आता ती जाड काचेआड आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की फुटलेली मूर्ती पाहिली की कुणी फोडली हे आपण लगेच ठरवून टाकतो. एप्रिल २०१५ मध्ये आग्र्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये मेरीची आणि बाळ येशूची मूर्ती फोडली होती, मेरीच्या गळ्यात कुत्र्याची साखळी घातली होती. देशभर चर्चा झाली. नंतर पोलिसांनी एका तरुणाला पकडलं आणि प्रेमभंगाच्या रागातून त्यानं हे केलं असं सांगितलं. पण दर वेळी असंच असतं असंही समजू नका. २ जानेवारी २०२३ ला छत्तीसगडमधल्या नारायणपूरला भर दिवसा जमाव शाळेच्या आवारातल्या कॅथलिक चर्चमध्ये घुसला, मेरीची मूर्ती फोडली, अडवायला गेलेल्या पोलीस अधीक्षकांचंच डोकं फुटलं. तिथे कुणी वेडं नव्हतं आणि कुणाचा प्रेमभंगही नव्हता. म्हणून तपास होईपर्यंत नाव घ्यायचं नाही, आणि झाल्यावर झाकायचं नाही, एवढ्यावर आमच्या सगळ्या जणींचं एकमत झालं.

मूर्ती फुटली की पुढे काय करतात, हे हिंदू मैत्रिणींना कुतूहल होतं. आपल्याकडे खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत, विसर्जन करतात. कॅथलिक लोकही आशीर्वाद दिलेली मोडकी वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, पुरतात किंवा जाळतात. दुरुस्त होणारी असेल तर दुरुस्त करून पुन्हा वेदीवर बसवतात, मोत मावलीसारखी. आणि चर्चमध्येच घोर विटंबना झाली असेल, तर बिशप ठरवतात की जागा भ्रष्ट झाली का. तसं ठरलं तर प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत तिथे उपासना बंद. प्रायश्चित्त फोडणाऱ्यानं नाही, तिथे प्रार्थना करणाऱ्यांनी करायचं. हे ऐकून आमच्यातली एक मुसलमान बाई बराच वेळ गप्प बसली होती.

आता कामाचं. सकाळी चर्च झाडायला किंवा क्रूसाला फुलं वाहायला बहुधा बाईच पहिली पोचते, त्यामुळे मोडतोड तिलाच आधी दिसते. तेव्हा तुकडे गोळा करू नका, झाडू मारू नका. आपल्याला भडभडून येतं आणि हात आपोआप पुढे जातो, पण ठसे, पावलं, पडलेली वस्तू सगळं त्यातच असतं. आहे तसा फोटो काढा, फादरांना आणि पोलिसांना कळवा, तो फोटो व्हॉट्सअॅपवर मात्र टाकू नका. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली होते. पूर्वीचं २९५, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. देऊळ, मशीद, चर्च, विहार, सगळ्यांना हेच कलम. हद्द आमची नाही म्हणून ठाणेदार परत पाठवू लागला तर “झिरो एफआयआर घ्या” म्हणायचं, आणि उठण्याआधी एफआयआरची प्रत मागायची. तक्रार देणाऱ्याला ती फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत.