खोपोलीचे पाणी : जमशेटजी टाटा ह्यांची थोरवी आणि तिचा हिशेब

माझे गाव साजगाव हे खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या शेजारी आहे. येथील विठोबाच्या देवळामुळे ह्या गावास लोक धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिक महिन्यात येथे यात्रा भरते आणि सुक्या मासळीचा मोठा बाजार बसतो. देहूचे तुकोबा व्यापारासाठी घाट उतरून येथे येत असत, अशी कथा आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. तिचा खरेखोटेपणा इतिहासज्ञांनी ठरवावा. परंतु तुकोबांच्या इंद्रायणीचे पाणी मात्र खरोखरच घाट उतरून आमच्याकडे आले आहे. ते कोणाच्या कल्पनेने आले आणि त्या माणसाचा मोठेपणा आपण कसा मोजावा, ह्याविषयी आज चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

तो माणूस म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. तो व्यापार चीनशी होता आणि त्यात कापसाबरोबर अफूही होती, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि मुंबईतील अनेक पेढ्यांबरोबर टाटांची पेढीही संकटात सापडली. त्या वेळी तरुण जमशेटजी लंडनमध्ये होते. त्यांनी धनकोंपासून काही दडविले नाही. सारी स्थिती उघड करून सांगितली, आणि पेढीची देणी उलगडण्याचे काम धनकोंनी त्यांच्यावरच सोपविले. पुढे १८६८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी उघडली.

१ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. सारे गिरणीवाले मुंबईस गर्दी करीत असता हा गृहस्थ नागपुरास जातो, हे पुष्कळांस वेडेपणाचे वाटले. जमशेटजींचा हिशेब साधा होता : कापूस वऱ्हाडात पिकतो आणि कोळसा जवळ सापडतो, तर गिरणीही तेथेच असावी. त्या गिरणीत कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. ह्यांपैकी एकही गोष्ट त्या काळी कायद्याने करावी लागत नव्हती.

आता त्यांच्या दानाकडे वळू. आपल्याकडे श्रीमंत माणूस धर्मशाळा बांधतो, विहीर खणतो, अन्नछत्र घालतो. हे पुण्याचे काम आहेच. जमशेटजींनी मात्र १८९२ साली एक निराळा फंड काढला. परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या बुद्धिमान तरुणांस त्यातून पैसे मिळत, पण ते देणगी म्हणून मिळत नसत. ते कर्ज असे. शिकून परत आल्यावर ते फेडावयाचे, आणि त्यातून पुढचा विद्यार्थी जावयाचा. ह्या फंडाचा लाभ ज्यांस आरंभी मिळाला त्यांत आपल्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पुष्कळ वर्षांनी त्याच वाटेने डॉ. जयंत नारळीकर गेले. घेणाऱ्याचा मान राखून दिलेले दान कसे असते, ह्याचा ह्याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

१८९८ साली त्यांनी आपल्या मालमत्तेपैकी सुमारे तीस लाख रुपयांच्या इमारती व जमिनी विज्ञानसंस्थेसाठी देऊ केल्या. सरकारदरबारी शंकाच फार निघाल्या. ह्या देशात विद्यार्थी कोठून मिळतील, आणि शिकून झाल्यावर त्यांस नोकऱ्या कोण देईल, असे विचारले गेले. अखेर म्हैसूर संस्थानने बंगळूर येथे विस्तीर्ण जागा दिली आणि १९०९ साली ती संस्था स्थापन झाली.

ह्याच सुमारास त्यांच्या मनात आमच्या घाटाचा विचार घोळत होता. मुंबईच्या गिरण्या दुरून आणलेला कोळसा जाळीत आणि शहरावर धूर सोडीत. मुंबईतील गॉसलिंग नावाच्या एका अभियंत्याने सुचविले की, लोणावळ्याच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून वीज करावी. जमशेटजींनी ही कल्पना उचलून धरली. त्यातील युक्ती मी मुलांस अशी सांगत असे : पाऊस चार महिने पडतो, पण गिरणी बारा महिने चालते, म्हणून प्रथम तलाव हवेत. तलावांतील पाणी कालव्याने कड्यापर्यंत न्यावयाचे आणि तेथून लोखंडी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली सोडावयाचे. खाली त्याचा झोत चक्राच्या वाट्यांवर आदळतो, चक्र फिरते, आणि त्याच्या फिरण्यातून वीज उत्पन्न होते. एरवी पूर्वेकडे भीमेस मिळणारे ते पाणी काम आटोपून आमच्या पाताळगंगेत उतरते. म्हणूनच ही कोकणची नदी भर उन्हाळ्यातही वाहती राहते.

परंतु १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत निवर्तले. त्या दिवशी खोपोलीस वीजगृह नव्हते, बंगळुरास संस्था नव्हती, आणि त्यांनी मनी धरलेला पोलादाचा कारखानाही नव्हता. त्यांनी पाहिलेल्या स्वप्नांपैकी ही तीन सर्वांत मोठी, आणि त्यांतले एकही त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले नाही. त्यांचे पुत्र सर दोराबजी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती पुरी केली. लोणावळ्याच्या कामाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी बसली, आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीची वीज मुंबईच्या वाटेस लागली.

श्रोतेहो, येथवर कथा गोड आहे. पण मास्तराने जमेची बाजू वाचून वही मिटू नये. खर्चाचीही बाजू वाचावी. खोपोलीच्या यशामागून भिवपुरीच्या वीजगृहाचे काम निघाले, आणि मग मुळशीस नीला आणि मुळा ह्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. तेथील मावळ्यांच्या भातशेतीच्या जमिनी पाण्याखाली जावयाच्या होत्या. १९२१ च्या रामनवमीस त्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले आणि त्यांनी कारावास भोगला. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, आणि शेते बुडाली.

ह्या वेळी जमशेटजींस जाऊन सतरा वर्षे लोटली होती. तेव्हा मुळशीचा दोष त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु उलट, त्यांचे पुण्य मोठे म्हणून मावळ्यांच्या दुःखाकडे काणाडोळा करणे, हेही न्यायाचे नाही. गिरणीतल्या कामगाराचा हात यंत्रात सापडला तर त्यास भरपाई द्यावी, असे कायदा नसताना ज्याच्या मनात आले, त्याच्याच मापाने पुढच्यांनी बुडणाऱ्या शेताचा हिशेब केला पाहिजे होता. थोर माणसाचे नाव वारसांस मिळते, तेव्हा त्याचे माप वापरण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

माझ्या लहानपणी आमच्या घरात कंदील होता. खोपोलीकडे गेलो की डोंगराच्या उतरणीवरचे नळ दिसत. एकदा मी आमच्या गुरुजींस विचारले, "वीज आपल्या शेजारी होते, मग उजेड मुंबईस का?" ते म्हणाले, "गिरण्या तिकडे आहेत म्हणून. पण प्रश्न चांगला आहे. तो विसरू नकोस." तो मी विसरलो नाही. पुढे घरी दिवा आला, तेव्हा आईने त्यास हळदकुंकू वाहिले. विजेची थोरवी मला त्या क्षणी जितकी कळली तितकी कोणत्याही पुस्तकाने कळली नाही. आणि त्या उजेडासाठी कोणाचे तरी शेत बुडालेले असते, हे पुढे मुळशीविषयी वाचले तेव्हा कळले. ह्या दोन्ही गोष्टी मनात एकत्र बाळगावयास मी शिकलो, आणि मुलांसही तेच शिकवीत आलो.

आपल्यापैकी कोणी तीस लाखांचे दान करणार नाही. परंतु १८९२ च्या त्या फंडाची रीत कोणत्याही घरास पेलण्यासारखी आहे. मी मॅट्रिकच्या परीक्षेस बसलो तेव्हा फीचे पैसे घरी नव्हते. गावातील एका वाण्याने ते दिले. मी नोकरीस लागल्यावर परत करावयास गेलो, तर ते त्याने घेतले नाहीत. "कोणा पोरास दे, आणि त्यालाही हेच सांग," एवढेच तो म्हणाला. जमशेटजी टाटा हे नाव त्याने ऐकले होते की नाही, हे मी त्यास कधी विचारले नाही. ते पैसे आजवर कितीतरी मुलांच्या हातून फिरले. अखेरचे ऐकले तेव्हा ते एका मुलीच्या पुस्तकांसाठी गेले होते. तिचे नाव मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही.