भित्तिपत्रकाची चावी

मला दिलेला विषय आहे 'महाविद्यालयीन पत्रकारिता आणि वृत्तपत्र स्वातंत्र्य'. विषय डोंगराएवढा, मिनिटे दहा. आणि मला बोलायचे आहे ते एका एवढ्याशा चावीबद्दल. त्यामुळे विषयाचे काय होईल ते होवो, चावीचे मात्र सांगूनच उठणार.

नंदुरबार घ्या, शहादा घ्या, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, कुठल्याही महाविद्यालयात जा. जिन्यापाशी नाहीतर ग्रंथालयाच्या दाराशी भिंतीवर भित्तिपत्रकाची एक काचेची पेटी असते. वर रंगीत अक्षरांत 'स्पंदन' किंवा 'अंकुर' असे काहीतरी लिहिलेले. आत कार्डशीटवर चिकटवलेली एक पावसाची कविता, एक आईवरची कविता, एका थोर पुरुषाचे पेन्सिलने काढलेले चित्र. आणि पेटीला कुलूप. मी विचारतो, "मुलांनो, अंक कधी बदलला?" मुले एकमेकांकडे बघतात, मग एखादा हळूच म्हणतो, "सर, चावी ऑफिसमा शे."

बस, हेच माझे दुखणे. अंक मुलांचा, अक्षर मुलांचे, चुका मुलांच्या, आणि चावी मात्र ऑफिसात. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाला नॅकची समिती यायची असली की ऑफिसातून चावी निघते, पेटी पुसली जाते, नवा अंक लागतो, फोटो निघतो, फाइलला जातो. समिती गेली की पुढल्या समितीपर्यंत तीच पावसाची कविता, मग बाहेर मे महिना का असेना.

6 जानेवारीला हीच महाविद्यालये पत्रकार दिन साजरा करतात. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, हे तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. गावातल्या वार्ताहरांना बोलावतात, शाल, नारळ, दोन भाषणे. कार्यक्रम छान होतो. चावी त्या दिवशीही ऑफिसात असते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या माणसाला हे मिरचीवरून सांगितले की लवकर पटेल. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या पथाऱ्या पाहा. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची तिथे उघड्यावर पसरतात. मजूर बाया ती हलवत राहतात, खालची वर, वरची खाली. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, रस्त्याने जाणाराही नाकाला रुमाल लावतो. पण ठसका लागतो म्हणून कोणी व्यापारी ओली मिरची गोदामात ढीग करून वर ताडपत्री टाकतो का? टाकली तर चार दिवसांत बुरशी धरते आणि सगळा माल हातचा जातो. महाविद्यालयातल्या तक्रारीचे तसेच आहे. वसतिगृहात पाणी येत नाही, ग्रंथालय लवकर बंद होते, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हा सगळा ओला माल. तो भिंतीवर उन्हात पसरला तर दोन दिवस ठसका लागेल, मग वाळेल. झाकून ठेवला तर कुजतो, आणि एक दिवस मोर्चा होऊन गेटवर येतो. मग प्राचार्य म्हणतात, "आम्हाला आधी कोणी सांगितलेच नाही!" अहो साहेब, सांगणार कुठे? पेटीला कुलूप होते ना.

आता प्राचार्यांची बाजूही घेतली पाहिजे. ते म्हणतात, "सर, पोरे काहीही लिहितील. नावे घेतील. संस्थाचालक मला विचारतील." भीती खरी आहे. पथारीवरही सगळी मिरची सारखी नसते. डागाळलेली, पांढरी पडलेली निवडून बाजूला काढावी लागते. पण निवडायचे काम पथारीवर, उजेडात बसून होते. आपल्याकडे निवड होते ऑफिसच्या टेबलावर, आणि काय काढले, का काढले, हे लिहिणाऱ्या पोराला कळतसुद्धा नाही. मजकूर गाळायचा तर त्या मुलाला समोर बसवून गाळा. ही ओळ का नको, कुठला पुरावा हवा होता, हे सांगा. तीच त्याची पत्रकारितेची शाळा. (माझीही संहिता माईकपुढे येण्याआधी वाचली गेली आहे. पण वाचणाऱ्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारून दुरुस्ती केली. मी एवढेच मागतो आहे.)

कायद्याचे थोडे सांगतो, कारण मुले विचारतात, "सर, आम्ही कुठे पत्रकार? आम्हाला कसले वृत्तपत्र स्वातंत्र्य?" आपल्या संविधानात वृत्तपत्रांसाठी वेगळा अनुच्छेद नाही. जे आहे ते अनुच्छेद 19 मधले प्रत्येक नागरिकाचे भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. बाबासाहेबांनी संविधान सभेत हेच सांगितले होते की, नागरिकाला नाही असा कुठलाही खास हक्क वृत्तपत्राला नाही. याची दुसरी बाजू पाहा. मुंबईच्या मोठ्या संपादकाला जो हक्क आहे, तोच धडगावच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही आहे. ओळखपत्र लागत नाही. 1950 साली मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात बंदी केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती याच हक्काच्या बळावर उठवली.

पण मुलांनो, हुरळून जाऊ नका. महाराष्ट्रात 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. तो ज्यांचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे, जे माध्यमसंस्थेत कामाला आहेत, त्यांच्यासाठी. भित्तिपत्रकाचा विद्यार्थी संपादक त्यात बसत नाही. आणि अमेरिकेत, जिथे या स्वातंत्र्याचा एवढा गजर असतो, तिथेही 1988 साली हेझलवूड शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुख्याध्यापकाच्या बाजूने निकाल दिला. त्याने मुलांच्या अंकातली दोन पाने काढून टाकली होती. शाळेचा अंक हा शाळेच्या शिक्षणाचा भाग, तेव्हा शाळेला कारण असेल तर त्यात हात घालता येतो, असा तो निकाल. म्हणजे कोर्टात जाऊन पेटीची चावी मिळेलच असे नाही. म्हणून मी कोर्टाकडे मागत नाही, प्राचार्यांकडे मागतो आहे. चावी मुलांकडे द्या. ऐकता ना? चावी.

खानदेशला हाताने लिहिलेला अंक नवा नाही. आपल्याच तापी लाइनवर अमळनेरला प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक बरं का, वार्षिक नव्हे! दिवसभर शिकवून रोज हाताने लिहायचे. 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले, पुढे 1938 मध्ये 'काँग्रेस' साप्ताहिक आणि 1948 च्या 15 ऑगस्टला 'साधना'. ते हस्तलिखित गुरुजींचे होते, मुलांचे नव्हे, हे कबूल. पण आपल्या गोष्टी रोज कोणीतरी लिहितो आणि आपण सगळे त्या वाचतो, ही सवय मुलांना तिथे लागली असणार. आज आपल्याकडे संगणक आहे, प्रिंटर आहे, आणि अंक निघतो वर्षातून एकदा. त्याची पहिली वीस पाने संदेश आणि सत्काराचे फोटो. वार्षिकांकाला माझा विरोध नाही. वार्षिकांक हे लग्नातले फोटो आहेत, घरातले रोजचे... जाऊ दे, मिरचीचा एक दृष्टांत पुरे.

मुद्द्यावर येतो. 2018 च्या एप्रिलमध्ये आदिवासी विकास विभागाने ठरवले की वसतिगृहातल्या मुलांना खानावळीऐवजी जेवणाचे पैसे सरळ बँक खात्यात मिळतील. जुलैत मुले त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. बातमी राज्यभर गेली. आपल्या जिल्ह्यात तळोदा आणि नंदुरबार असे या विभागाचे दोन प्रकल्प. हा विषय आपल्याइतका जवळचा आणखी कोणाला? मी तेव्हा आणि नंतरही शोधत होतो, एखाद्या भिंतीवर याबद्दल एक पान सापडेल का. पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला येतात? उशीर झाला तर मुलगा उधारीवर कुठे जेवतो? काही मुलांना हातात पैसे बरे वाटत होते, काहींना खानावळच हवी होती. दोन्ही बाजूंची दहा-दहा मुले बोलती केली असती तर मंत्रालयातल्या अधिकाऱ्यानेही वाचावे असे पान झाले असते. मला काय सापडले? पावसाची कविता. खोटे नाही सांगत.

म्हणून मुलांनो, तुम्हालाही दोन शब्द. चावी मागायची तर हात धुऊन मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पुढे ढकलणे ही बातमी नव्हे. ज्याच्यावर लिहिता त्याला आधी जाऊन विचारा, आणि त्याने दिलेले उत्तर तुम्हाला आवडले नाही तरी छापा. खाली आपले नाव लिहा. निनावी शूरपणा नको. कागद हवा असेल तर 2005 चा माहिती अधिकार तुमचाही आहे. दहा रुपयांचे शुल्क, साधा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. ग्रंथालयासाठी गेल्या वर्षी किती पैसे आले, किती खर्च झाले, एवढेच विचारा. बघा ऑफिसात कशी हालचाल होते. दगड मारण्यापेक्षा हा अर्ज जास्त लागतो.

आणि शिरीषकुमार. नंदुरबारमध्ये बोलायचे आणि हे नाव घ्यायचे नाही, असे होत नाही. 9 सप्टेंबर 1942 ला माणिक चौकात पोलिसांच्या गोळीने गेला, तेव्हा शाळकरी वयाचा पोर होता. त्या माणिक चौकात दर वर्षी हार घालणाऱ्या आपण मोठ्यांना त्याच वयाच्या पोराने नळाला पाणी नाही असे लिहिलेले सोसत नाही, एवढेच म्हणतो.

वेळ संपत आली, खूण झाली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या संशोधनातल्या चित्रांत फेरफार असल्याच्या आरोपांबद्दल विद्यार्थ्यांच्याच दैनिकात लिहायला सुरुवात केली, आणि 2023 मध्ये अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले, ते सविस्तर सांगायचे होते. तिथे ते दैनिक विद्यापीठाच्या ताब्यात नाही, वेगळी संस्था ते चालवते, हा त्यातला खरा... ते पुढच्या वेळी.

भाषेचेही राहूनच गेले. पेटीतले सगळे प्रमाण मराठीत असते, आणि पेटीसमोरची मुले बोलतात पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी. एका प्राध्यापकांना मी म्हटले, एक कोपरा या भाषांना द्या. ते म्हणाले, "पण सर, पावरीतले आम्ही तपासणार कसे?" मी म्हटले, लिहिणाऱ्या पोरालाच बोलवा, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि समजले नाही तिथे विचारा. ते हसले आणि विचार करतो म्हणाले. अजून करत आहेत.