सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि ट्रंकेतले कागद
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डिप्लोमा झालेला, रुळांवर काम करणारा माणूस. पण ‘रेल्वेवर नको, तुम्ही त्या फौजीकाकांच्या पेन्शनची भानगड निस्तरली त्यावर बोला’ असे सचिवांनी सांगितले, तेव्हा मात्र नाही म्हणता आले नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांत सैन्यातून निवृत्त होऊन प्लांटमध्ये, रेल्वेत किंवा सिक्युरिटीत लागलेली बरीच मंडळी आहेत. त्यांच्यासाठी हे बोलणे आहे.

जायबंदी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुरलीकांत पेटकर येतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशी जखम सगळ्यांना दिसते. पण ज्यांचे अर्ज अडकतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर दाखवण्यासारखे काही नसते. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाला तोफेच्या आवाजाने कमी ऐकू येणारे, कुणाला नोकरीतच जडलेला रक्तदाब.

आमचे फौजीकाका असेच. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पायदळातून २००६ साली मुदत पूर्ण करून सुटले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून रेल्वेत आले. जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी चढायचे. मी एकदा विचारले तर म्हणाले, ‘सिक्कीममध्ये पेट्रोलिंगला बर्फावर घसरलो होतो साहेब. चार दिवस एम.आय. रूममध्ये राहिलो, पाचव्या दिवशी ड्युटीवर.’ पेन्शनमध्ये याचे काही मिळते का, असे विचारले तर हसले. ‘सरकारने पंधरा वर्षे पोसले, आता गुडघ्याचे काय मागू?’ तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, ‘गुडघा वापरायला सरकारचा, आणि दुखायला आमच्या घरचा का हो?’

मला वाटते सगळा विषय काकूंनी त्या एका वाक्यात सांगितला. हे निवृत्तिवेतन म्हणजे मदत किंवा अनुदान नव्हे. धडधाकट घेतलेला माणूस नोकरीमुळे कमी होऊन परत गेला, तर त्या कमतरतेचा तो हिशेब आहे.

२०१८ च्या दिवाळीत काकांनी ट्रंक उघडली. तळाशी २००७ चे एक इंग्रजी पत्र होते. त्यात लिहिले होते की आपले अपंगत्व २० टक्के आहे, परंतु ते सैनिकी सेवेमुळे आलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही, सबब दावा अमान्य. खाली सहा महिन्यांत अपील करता येईल असेही होते. काकांनी ते पत्र ‘सुटीचा कागद’ समजून अकरा वर्षे जपून ठेवले होते, आणि वर लॅमिनेशनही केले होते! कुठल्या कार्यालयाचे पत्र ते मी सांगत नाही. तसे पत्र अनेकांच्या ट्रंकेत सापडेल.

आता यातली मेख समजून घ्या. सैनिक सुटताना त्याची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. त्या कागदाला ए.एफ.एम.एस.एफ. १६ म्हणतात. त्यात दोन गोष्टी लिहितात. अपंगत्व किती टक्के आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे की नाही. २० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आणि नोकरीशी संबंध, ही दोन्ही जुळली तर दावा उभा राहतो. काकांच्या कागदावर टक्के बरोबर होते. संबंधाच्या रकान्यात मात्र नुसते ‘नाही’. का नाही, याचे कारण कुठेच लिहिलेले नव्हते.

इथे मला आमच्या कामातले उदाहरण द्यावेसे वाटते. भिलाईत १९६० पासून रूळ तयार होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथल्या कित्येकांच्या वडिलांनी ते केले आहेत. रुळाच्या उभ्या भागावर कारखाना, प्रकार, महिना, वर्ष अशी उठावाची अक्षरे असतात. कारखान्यातून निघताना त्याची अल्ट्रासोनिक तपासणी होते. तो रूळ दहा-बारा वर्षे गाड्या अंगावर घेतो आणि मग त्यात तडा सापडतो. अशा वेळी ‘हा जन्मतःच तडकलेला होता’ असे कुणी म्हणाले तर मी आधी विचारेन, मग तपासणीत पास कसा झाला? कागद दाखवा.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात जवळपास हेच सांगितले. हे गृहस्थ १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना २० टक्के अपंगत्व ठरवून घरी पाठवले. नोकरीशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. न्यायालय म्हणाले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे. आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, जवानावर नाही. शिवाय वैद्यकीय मंडळाने कारणे लिहिलीच पाहिजेत. हा निकाल १९८२ च्या नियमांवर आहे, आणि काका त्याच नियमांत बसत होते. (२१ सप्टेंबर २०२३ पासून सुटणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी ते वेगळे वाचावेत.)

सगळ्यांनाच मिळते असे मात्र समजू नका. रजेवर बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या एका नायकाला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, कारण त्या पडण्याचा नोकरीशी संबंध नव्हता. उलट १९९९ च्या मदनसिंग शेखावत यांच्या खटल्यात रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना अपघात होऊन हात गेलेल्या जवानाला पेन्शन मिळाली. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता म्हणून ती अडवली होती. न्यायालयाने विचारले, तिकिटाचे पैसे कुणी दिले यावर हे कसे ठरेल? रेल्वेवाला म्हणून मला हा निकाल फार आवडतो.

काकांचे काम असे झाले. आम्ही आधी दुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून भरतीच्या वेळच्या तपासणीची आणि सुटतानाच्या मंडळाची प्रत मागवली. भरतीच्या कागदावर दोन्ही गुडघे ठीक. घसरल्याचा इंजुरी रिपोर्ट मात्र कुणी भरलेलाच नव्हता. पाचव्या दिवशी जवान ड्युटीवर गेला, मग रिपोर्ट कोण भरणार? इथे बसलेल्या कुणाचा मुलगा आज फौजेत असेल तर त्याला आज रात्रीच फोन करून सांगा, की किरकोळ मार लागला तरी नोंद करून घे आणि प्रत घरी पाठव.

अपील उशिराचे म्हणून फेटाळले गेले. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून चालते, आणि छत्तीसगडचे खटले जबलपूर खंडपीठाकडे जातात. दुर्गहून अमरकंटकने रात्रभरचा प्रवास. काका प्रत्येक वेळी खालचा बर्थ मागायचे, कोटा असूनही एकदा वरचाच मिळाला. ती रात्र ते बसून होते.

२०२२ मध्ये निकाल काकांच्या बाजूने लागला. हिशेब ऐका. १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २० टक्क्यांना ६ टक्के. पण २० ते ४९ टक्क्यांचे अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद आहे, आणि डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ती मुदत पूर्ण करून सुटलेल्यांनाही लागू झाली. म्हणजे ६ टक्क्यांचे १५ टक्के झाले. ज्यांना पूर्वीपासून २०, ३० टक्क्यांनीच मिळते आहे, त्यांनी आपली आकडेमोड तपासून घ्यावी.

आता वाईट भाग. २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे उशीर माफ होतो, पण थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. काकांचा दावा २०१९ चा, म्हणजे २०१६ पासूनचे पैसे मिळाले. २००६ ते २०१६ ही दहा वर्षे बुडाली. निकालाचा कागद वाचून दाखवल्यावर काका गप्प बसले, मग म्हणाले, ‘त्या दहा वर्षांत मुलीचे नर्सिंग राहिले.’ मला काय बोलावे ते सुचले नाही. काकूंनी चहा आणला.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांना कायदेशीर मदत देण्यासाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली आहे. दुर्गच्या कार्यालयात तिचीही चौकशी करा. पैसे घेऊन ‘पेन्शन वाढवून देतो’ म्हणणारे दलाल सिव्हिक सेंटरपासून स्टेशनपर्यंत भेटतील, त्यांना मूळ कागद देऊ नका.

उद्या आणि परवा संध्याकाळच्या आरतीनंतर मी मंडपाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. फौजीकाकाही येणार आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची सांगून ठेवली आहे. येताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. आणि नकाराचे पत्र असेल तर त्याच्या झेरॉक्स आणा. विधवा भगिनींनीही पतीचे कागद घेऊन यावे, थकबाकीचा प्रश्न त्यांच्याही बाबतीत असू शकतो. आणि कृपा करून नवे लॅमिनेशन करू नका, लॅमिनेशनवर शिक्का उमटत नाही.

गणपती बाप्पा मोरया.