सुईने मिळणारा ब्लॉक
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. रुळांची देखभाल पाहणारा रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. पण माझा आखडलेला खांदा फिजिओथेरपीत सुयांच्या मदतीने सुटला, तेव्हापासून सेक्शनवरचे लोक विचारतात, "साहेब, त्या सुया कुठे टोचतात?" म्हणून मंडळाने मला उभे केले.

आधी एक गैरसमज. ॲक्युपंक्चर भारतात डॉ. कोटणीसांनी आणले, असे पुष्कळांना वाटते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पथकात पाच डॉक्टर होते. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे आपले. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते चीनमध्येच वारले. सुयांची विद्या इकडे आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, कलकत्त्यात, आणि तीही १९५०च्या दशकाच्या अखेरीस. लुधियानात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे, त्यामुळे गोंधळ होतो. असो.

ही सुई केसासारखी बारीक, आत औषध काहीही नाही. फिजिओथेरपिस्ट बहुधा स्नायूतली दुखरी गाठ बोटांनी चाचपून तिच्यातच ती टोचतात. त्याला ड्राय नीडलिंग म्हणतात. गाठ क्षणभर फडफडते आणि मग सैल पडते. चिनी पद्धतीतले बिंदू वेगळे. हे बिंदू किती नेमके लागतात? २००७ साली जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरची पाहणी प्रसिद्ध झाली. खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना सहा महिन्यांनी आराम होता, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्क्यांना. म्हणजे सुईचा उपयोग होतो, पण बिंदूंचे फार स्तोम नको. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर होते, २०१६ मध्ये ते काढले. व्यायाम मात्र दोन्ही वेळा राहिला.

आता रेल्वेच्या भाषेत सांगतो. रुळाखालची गिट्टी बसली की ट्रॅफिक ब्लॉक घ्यावा लागतो. गाड्या थांबतात तेवढ्या वेळात पॅकिंग उरकायचे. सुई म्हणजे हा ब्लॉक. दुखणे काही तास, कधी एक-दोन दिवस मंदावते. तेवढ्यात सांधा हलवायचा, भिंतीवर बोटे चढवायची, पाठीचे स्नायू बळकट करायचे. ब्लॉक घेऊन चहा पीत बसलो तर रूळ होता तसाच राहतो. माझ्या खांद्याला सुया सहा वेळा लागल्या, व्यायाम चार महिने. त्यातले जास्त श्रेय कशाचे, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या ट्रॅकमनला हे सांगणे मला जास्त गरजेचे वाटते. साठ किलोची रेल म्हणजे मीटरला साठ किलो, आणि ती ओढणाऱ्याची कंबर एकच. दुखले की तो दुकानातून गोळी घेतो, पुन्हा दुखले की पुन्हा गोळी. पोट आणि मूत्रपिंड बिघडते, कंबर तशीच. शेवटी मेडिकल डीकॅटेगराइज होण्याची पाळी येते, आणि मग घरात काय होते ते इथल्या कित्येकांनी पाहिले आहे. त्याने वेळेवर रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मागावी.

दिल्लीत गल्लोगल्ली सुया टोचणारे बसले आहेत. केंद्र सरकारने २००३ सालीच आदेश काढला, की हे काम नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावे. तेव्हा शिक्षण विचारा. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि एकदाच वापरली पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. छातीजवळ आणि खांद्याच्या वरच्या भागात अडाणी हाताने खोल टोचले तर फुप्फुसाला भोक पडू शकते. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा ताप येऊ लागला, तर सुयांचा विचारही न करता थेट इस्पितळ गाठा.

आरतीची वेळ झाली. खांद्याचे व्यायाम कुणाला पाहायचे असतील तर प्रसादानंतर मंडपाच्या मागच्या भिंतीशी या, करून दाखवतो. गणपती बाप्पा मोरया!