घराचे तीन नियम



पृथ्वीची हवा तापत आहे, आणि ती मुख्यत्वे कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे तापत आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. परंतु ती कोणी किती तापविली आणि झळ कोणास बसते, हा हिशेब नीतीचा आहे. तो आपल्याच सुखवस्तू समाजापुढे मांडणाऱ्या अमेरिकन ख्रिस्ती धर्मचिंतक सॅली मॅकफेग (१९३३–२०१९) यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

मॅकफेगबाईंनी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. पुढे त्या कॅनडातील व्हँकुव्हर येथे गेल्या. हे जग म्हणजेच ईश्वराचा देह होय, अशी कल्पना त्यांनी १९९३ च्या ग्रंथात मांडली. तो ईश्वर आपण मानण्याचे कारण नाही. पण वरून कोणी येऊन पृथ्वी सावरणार नाही, भार माणसावरच आहे, हा त्यांचा निष्कर्ष आपणांस परका वाटू नये.

पृथ्वी हे सर्वांचे एक घर, असे मानून त्या तीन नियम सांगतात : आपल्या वाट्याचे तेवढेच घ्यावे, आपली घाण आपणच काढावी, आणि मागून येणाऱ्यांसाठी घर नीट राखावे. यांतील पहिला नियम कोणास उद्देशून आहे, ते पाहा. त्यांचा २००१ चा ग्रंथ उत्तर अमेरिकेतील मध्यमवर्गास उद्देशून लिहिलेला आहे. अर्धपोटी माणसास उपवासाचे माहात्म्य सांगणारे आपण पुष्कळ पाहिले. बाई त्यांतल्या नव्हेत. ज्याने वाट्याहून अधिक घेतले, त्यानेच हात आखडावा, हा त्यांचा आग्रह आहे.

२०१३ च्या ग्रंथात त्यांनी जॉन वुलमन (१७२०–१७७२) या क्वेकर पंथीयाचे उदाहरण घेतले आहे. न्यू जर्सीतील हा शिंपी व दुकानदार. धंदा वाढू लागला, तेव्हा त्याने तो आपणहून कमी केला. गुलामांच्या श्रमातून आलेली साखर वर्ज्य केली, कपडे बिनरंगी वापरले, आणि गुलाम बाळगणाऱ्या पंथबंधूंच्या घरोघर जाऊन त्यांना जाब विचारला. आपल्या चैनीत कोणाचे श्रम मुरले आहेत, हे त्यास दिसत होते. आजच्या धुराविषयीही हेच पाहावयास बाई सांगतात.

येथे मला एक शंका येते. व्यक्तीच्या संयमाने एवढे मोठे कार्य साधेल काय? फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ साली, वुलमन वारल्यावर चार वर्षांनी. सबंध अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने हटली ती मात्र १८६५ साली, यादवी युद्धानंतर, संविधानात दुरुस्ती होऊन.